खात्रीचा पेन ड्राइव्ह

लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेली मंडळी कॅमेरा कुठला ते विचारतात, ड्रोन येणार का ते विचारतात, प्री-वेडिंगला कुठे नेणार तेही विचारतात. हे सगळं भरून कशात देणार, हा प्रश्न क्वचितच कुणी काढतं. घरात मागे राहतं ते मात्र तेवढंच, एक अल्बम आणि बोटाएवढा पेन ड्राइव्ह. सिन्नरला आमचा स्टुडिओ आहे. नवरा शूटिंगला जातो, एडिटिंग मी करते, आणि तयार काम गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची जबाबदारी पहिल्यापासून माझी. त्यामुळे पेन ड्राइव्ह निवडणं, आणणं आणि तपासणं हे माझ्या धंद्यातलं एक वेगळं कामच झालं आहे आणि मी ते मन लावून करते.

सासरे व्हीएचएसची कॅसेट द्यायचे. मी या घरात आले तेव्हा डीव्हीडीचे दिवस होते. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावायचं, म्हणून लग्न दोन-तीन तबकड्यांत तोडावं लागायचं. हळद आणि सीमांतपूजन एकीवर, लग्न दुसरीवर. पुढे लॅपटॉपमधून डीव्हीडीचा खण गेला, घरोघरचे प्लेअर माळ्यावर गेले, टीव्हीला यूएसबीची जागा आली आणि लोक म्हणू लागले, ‘वहिनी, पेन ड्राइव्हमध्येच द्या.’ तशी ही वस्तू बाजारात आली २००० साली. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने थंबड्राइव्ह काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमने एम-सिस्टिम्स या इस्रायली कंपनीने बनवलेला ८ एमबीचा ड्राइव्ह अमेरिकेत विकायला आणला. १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुढे तो केवढा मोठा वाटला असेल! आज आमच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइलसुद्धा त्यात बसणार नाही.

विकत घेताना माझी सुरुवात दुकानापासून होत नाही, आत काय भरायचं आहे तिथून होते. तीन तासांची फुल एचडी फिल्म आम्ही सेकंदाला २० मेगाबिटने काढली की ती साधारण २७ जीबी होते. निवडलेले दीड हजार फोटो, प्रत्येकी आठ एमबी धरले तर १२ जीबी. हायलाइट आणि टीझर धरून ४० जीबीच्या आसपास जातं. म्हणजे ३२ पुरत नाही, १२८ चे पैसे वाया जातात, ६४ नेमका बसतो. या ६४ वर गिऱ्हाईक हमखास अडतं. घरी कॉम्प्युटरला लावून पाहतात तर ५७-५८ जीबीच दिसतात आणि फोन येतो. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्या हिशेबाने ६४ चे ५९.६ होतात, आणि थोडी जागा ड्राइव्ह स्वतःच्या कामासाठी राखतो. यात कुणी फसवलेलं नसतं. दुकानदारांनी हे काउंटरवरच सांगितलं तर खऱ्या फसवणुकीकडे लोकांचं लक्ष लवकर जाईल असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न वेगाचा. यूएसबी २.० चा साधा ड्राइव्ह स्वस्त मिळतो आणि वाचताना बरा चालतो. टीव्हीवर लग्न बघायला तो पुरेसा आहे. भरताना मात्र अनेकदा सेकंदाला पाच-सहा एमबीवर रांगतो. ४० जीबी भरायला जवळजवळ दोन तास. लग्नसराईत एकाच आठवड्यात पाच घरांची डिलिव्हरी असते, प्रत्येकाला दोन-दोन ड्राइव्ह, तेव्हा हे दोन तास अंगावर येतात. ३० एमबीने लिहिणारा ड्राइव्ह तेच काम वीस-बावीस मिनिटांत करतो. पण पाकिटावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याच्या वेगाचा असतो, तोही ‘अप टू’ लावून. लिहिण्याचा वेग छापायला कंपन्या उत्साही नसतात. काही ड्राइव्ह पहिले एक-दोन जीबी झपाट्याने घेतात आणि मग एकदम मंदावतात, कारण आत वेगाने लिहिता येणारी जागा थोडीच राखलेली असते आणि ती भरून जाते. म्हणून दुकानात एखादी छोटी फाइल टाकून दाखवली तर मी ती चाचणी धरत नाही.

नावांचाही घोळ आहे. यूएसबी ३.० हे २००८ मध्ये आलं. त्यालाच पुढे ३.१ जेन १ आणि नंतर ३.२ जेन १ म्हणू लागले. तिन्ही एकच, सेकंदाला ५ गिगाबिट. ‘३.२’ छापलंय म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. आणि निळी जीभ बघून ३.० समजू नये. निळं प्लास्टिक कुणीही बसवतं. तोंडाच्या आत डोकावून पाहावं. जुन्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच लहान पट्ट्या दिसल्या तरच तो ३.०.

माल आम्ही मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणतो. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून ग्रँट रोड. तिथला आमचा एक ठरलेला दुकानदार आहे, वय झालेला, कमी बोलणारा. सुरुवातीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे नुसते लाकडी ड्राइव्ह बघत होते. नवरा-नवरीचं नाव कोरून देता येतं, लाकडी डबीत गवतावर ठेवलेले छान दिसतात, आणि शंभर नग घेतले तर भाव एकदम खाली येतो. मी नमुना हातात घेतला तेव्हा शेठ म्हणाले, ‘ताई, हा माल लग्नात द्यायचा नाही. हा कंपन्या डायरी-कॅलेंडरबरोबर वाटतात, त्यातला आहे.’ मी विचारलं, आत चिप कुणाची? त्यांनी खांदे उडवले. त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या दिवसापासून मी माल त्यांच्याकडूनच घेते.

आतली चिप म्हणजे काय, हे समजून घेतल्यावर त्या खांदे उडवण्याचा अर्थ मला नीट लागला. फ्लॅश मेमरी ही तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची निर्मिती. आपण वापरतो तो नँड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. माहिती साठते ती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट असायचा. भार आहे की नाही, एवढंच ओळखायचं. स्वस्ताई आली ती एकाच कप्प्यात जास्त बिट कोंबल्यामुळे. तीन बिट ठेवायचे तर भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांना सोळा. रांजण तेवढाच, पण आधी भरलाय की रिकामा एवढंच पाहायचं होतं आणि आता पाणी सोळातल्या नेमक्या कुठल्या खुणेवर आहे ते सांगायचं. थोडं झिरपलं तरी उत्तर चुकतं. पुन्हा पुन्हा लिहून-पुसून कप्प्यांची धारणशक्ती कमी होते आणि उष्णतेने भार लवकर गळतो. चांगली कंपनी चिपा पारखून घेते आणि चुका दुरुस्त करणारा कंट्रोलर बसवते. पारखीत न उतरलेल्या चिपा फेकल्या जातातच असं नाही. त्या कुठल्या तरी बिननावाच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतात. सीबीएल ही जर्मनीतली डेटा परत मिळवून देणारी कंपनी. तिने २०२४ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे बिघडून येणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये निर्मात्याचं नाव खरवडून काढलेल्या चिपा सापडतात, आणि कधी कधी तर सर्किटवर चक्क मायक्रोएसडी कार्ड डकवलेलं असतं. जाहिरातीसाठी वाटलेल्या ड्राइव्हमध्ये हे विशेष दिसलं. शेठ म्हणाले होते ते हेच.

लाकडाचा मोह मी वेगळ्या रीतीने सोडवला. सुताराकडून डबी करून घेते, झाकणावर नावं कोरून घेते, आत खाच पाडून घेते, आणि त्या खाचेत सॅनडिस्क, किंग्स्टन किंवा सॅमसंगचा सीलबंद पाकिटातून काढलेला ड्राइव्ह बसवते. लोकांना डबी आवडते. आतला ड्राइव्ह काळा, साधा असला तरी कुणाची तक्रार नाही.

नामांकित कंपनीचं नाव छापलेलं पाकीट म्हणजे आत त्याच कंपनीचा माल, असंही नाही. ग्रँट रोड स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर सगळी नावं मिळतात. म्हणून पाकीट उलटून पाहायची सवय लागली. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, मालाचा देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर हवाच. बनावट पाकिटात बहुधा यातलंच काहीतरी गळलेलं असतं किंवा अक्षरं पुसट असतात. सुटा माल मी घेत नाही. पक्कं बिल घेते, कारण पाच वर्षांची वॉरंटी छापलेली असली तरी बिलाशिवाय तिचा उपयोग कठीण. आणि वॉरंटी मिळते ती नव्या पेन ड्राइव्हच्या रूपाने. आतलं लग्न त्यात येत नाही, हे गिऱ्हाइकाला मी स्पष्ट सांगते.

एक प्रकरण सांगायलाच हवं. नाशिक रोडचं एक कुटुंब, तिन्ही भावंडांची लग्नं आम्हीच केलेली. धाकटीच्या लग्नानंतर त्यांच्या घरातल्या कुणीतरी ऑनलाइन एक ड्राइव्ह मागवला, १ टीबीचा, पाचशेच्या आत. त्या काळात चांगल्या कंपनीचा ६४ जीबी साधारण तेवढ्याला मिळत होता आणि खऱ्या १ टीबीला हजारोंनी मोजावे लागत. सगळी लग्नं एकत्र ठेवू, या चांगल्या विचाराने त्यांनी आधी धाकटीचं, मग मधल्याचं, शेवटी थोरल्याचं लग्न त्यात भरलं आणि आमचे जुने ड्राइव्ह मोकळे करून मुलांना दिले. काही महिन्यांनी लावून पाहिलं तर धाकटीची हळद चालली, त्यापुढचं काहीच नाही. फाइलींची नावं होती, आकार बरोबर दिसत होते, फक्त उघडत नव्हत्या. थोरल्याच्या लग्नात त्यांच्या आजीने उखाणा घेतला होता. आजी आता नाही. त्या घरची सून ड्राइव्ह मुठीत धरून स्टुडिओत आली, तेव्हा तिला आधी खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं.

यात होतं काय, तर कॉम्प्युटर चिपला काही विचारत नाही. तो कंट्रोलरला विचारतो आणि कंट्रोलर सांगेल ते खरं धरतो. छोट्या चिपेपुढच्या कंट्रोलरला ‘एक टीबी सांग’ असं शिकवून ठेवलं की विंडोज एक टीबी दाखवतं. खरी जागा संपल्यावरही ड्राइव्ह तक्रार करत नाही, फाइली घेतच राहतो. नाव आणि आकार सुरुवातीच्या यादीत लिहिले जातात, मजकूर मात्र कुठेच उतरत नाही, किंवा फिरून पहिल्या फाइलींवरच लिहिला जातो. म्हणून भरताना काही कळत नाही. ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी कळतं. त्या ड्राइव्हची खरी जागा तपासली तेव्हा ३२ जीबीहून कमी निघाली.

दिलेलं काम आम्ही एक वर्ष आमच्या हार्ड डिस्कवर ठेवतो, पावतीवर तसं छापलेलं आहे. धाकटीचं लग्न त्यात होतं. मधल्याचंही सुदैवाने अजून पुसलेलं नव्हतं. थोरल्याचं नव्हतं. मी विचारलं, तुमचा जुना ड्राइव्ह आहे का? नातवाकडे होता, फॉरमॅट करून त्याने थोडी गाणी टाकली होती. मी म्हटलं, तो आता कशालाही लावू नका, तसाच घेऊन या. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, मजकूर तिथेच असतो, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. गाणी ज्या जागी पडली तिथली हळद आणि सीमांतपूजन गेलं ते गेलंच. फोटो बहुतेक मिळाले. फिल्मचा शेवटचा भाग, गृहप्रवेशाचा, सलग सापडला आणि उखाणा त्यात होता. तो ड्राइव्ह कित्येक वर्षं वापरात होता, मुलांच्या दप्तरात फिरला होता, तरी त्याने दिलं. त्या कुटुंबाला मी दोन ठिकाणी प्रती करून दिल्या आणि तो बनावट ड्राइव्ह त्यांच्यासमोरच कात्रीने तोडला, पुन्हा चुकून कुणी वापरू नये म्हणून.

आता माझ्याकडे आलेला एकही ड्राइव्ह तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नाही, ओळखीच्या दुकानातला असला तरी. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं, मोफत साधन आहे. जर्मनीतल्या सीटी या संगणक मासिकाच्या हाराल्ड ब्योगेहोल्त्स यांनी केलेलं. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि मग भरलेलं सगळं परत वाचून जुळवतं. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफथ्री आहे. चांगल्या ६४ जीबीला लिहिणं-वाचणं धरून तासाभराच्या आत होतं. खोटी जागा असेल तर इथे उघडी पडते, आणि लिहिण्याचा खरा वेगही कळतो. दिवाळीनंतर माल आला की दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-चार लावून ठेवते आणि मी माझं एडिटिंग करत बसते. पास झालेल्या ड्राइव्हवर बारीक मार्करने महिना-वर्ष लिहिते. चाचणीच्या वेळी फार तापणारा ड्राइव्हही मी बाजूला काढते. अगदी नखाएवढे धातूचे ड्राइव्ह दिसायला सुंदर असतात, पण त्यांचा ताप हाताला लागतो.

फॉरमॅटवरून होणारी भांडणं वेगळीच. एफएटी३२ जवळजवळ प्रत्येक टीव्ही वाचतो, पण त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही, पण गावातले जुने टीव्ही तो ओळखत नाहीत. शिवाय ३२ जीबीहून मोठा ड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून एफएटी३२ करता येत नाही, वेगळं साधन लागतं. मी ठरवते ते घर पाहून. टीव्ही नवा असेल, पोरं लॅपटॉपवाली असतील तर एक्सफॅट आणि एक सलग फिल्म. आजी-आजोबांच्या घरी जुना टीव्ही असेल तर एफएटी३२ आणि फिल्मचे चार जीबीच्या आतले भाग, त्यांना नावं सरळ: ‘१ हळद’, ‘२ सीमांतपूजन’, ‘३ मंगलाष्टका’. म्हणून ऑर्डर घेतानाच मी टीव्ही कोणत्या सालचा ते विचारून ठेवते. लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. हल्ली बऱ्याच जणांना टाइप-सी असलेला दुतोंडी ड्राइव्ह हवा असतो, थेट फोनला लावायला. तो मी देते, पण त्याची सरकती पट्टी दुकानातच दहा वेळा पुढे-मागे करून बघते. ढिली असेल तर पहिल्याच महिन्यात तोंड आत जातं.

फोटो निवडायला घरचे लोक मधल्या काळात ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि येताना शॉर्टकट व्हायरस घेऊन येतात. फाइली गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, हे पाहून माणसं हादरतात. बहुधा फाइली लपवलेल्या असतात, परत दिसू लागतात. ‘डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे’ असं म्हणत फॉरमॅटही होऊ न देणारा ड्राइव्ह आला, की मी त्यांना सांगते, फॉरमॅटचा नाद सोडा, आहे ते आधी उतरवून घ्या. चिप थकल्यावर कंट्रोलर कधी कधी लिहिणं बंद करतो आणि वाचणं चालू ठेवतो. ती मिळालेली मुदत असते.

देताना मी दोन ड्राइव्ह देते, एक मुलीच्या माहेरी, एक सासरी. बरोबर एक कागद: लगेच कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वर्षातून एकदा लावून पाहा. हे मी तोंडीही सांगते, शक्यतो घरातल्या बाईला, कारण लॉकरच्या किल्ल्या आणि जुने अल्बम कुठे आहेत ते तिलाच माहीत असतं.

२०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढले आहेत; एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली आणि त्याची झळ आमच्या ६४ जीबीपर्यंत पोहोचली. शेठनी फोनवर सांगितलेला भाव ऐकून नवरा म्हणाला, एकच ड्राइव्ह देऊ. मी तयार नाही. लाकडी डबी बंद करून पुठ्ठ्याची करायला सांगितली आहे, आणि दरपत्रकात पेन ड्राइव्हची ओळ आता वेगळी लिहिते: कंपनीचं नाव, ६४ जीबी, दोन नग, तपासलेले, भाव. परवा एका मुलीच्या वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवून ‘तपासलेले म्हणजे?’ असं विचारलं. मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन चालू असलेली चाचणी दाखवली. ते ती पूर्ण होईपर्यंत थांबले आणि मग मुहूर्ताची तारीख लिहून दिली.